तीनशे मिलिग्रॅमचा आकडा आणि हृदयाची पेशी

फेब्रुवारी 2015 मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक सल्लागार समितीने अहवाल दिला. अन्नातून जाणारं कोलेस्टेरॉल जास्त होण्याची चिंता करण्याचं कारण नाही, अशा अर्थाची एक ओळ त्यात होती. दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा त्यामुळे गेली आणि ‘अंडं निर्दोष’ अशा बातम्या जगभर फिरल्या. अँजिओप्लास्टीनंतर वर्षानुवर्षं बलक बाजूला काढून नुसतं पांढरं खाणाऱ्या माणसाला ही बातमी वाचून फसवल्यासारखं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे. पण त्या ओळीत काय होतं आणि काय नव्हतं, हे कळायला मागे जावं लागतं.

सुरुवात सशापासून. 1913 मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं गेलं आणि त्यांच्या महाधमनीत माणसाच्या धमनीसारखेच चरबीचे थर सापडले. हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर तसा जमला नाही. ससा पाला खाणारा प्राणी, त्याच्या नेहमीच्या आहारात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, त्यामुळे ते आलं की त्याच्या शरीराला ते आवरत नाही. हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. तरी पुढची चाळीस-पन्नास वर्षं सगळ्यांच्या नजरेसमोर राहिली ती सशाची धमनी.

1950 आणि 60च्या दशकांत माणसांना मोजून-मापून जेवण देऊन प्रयोग झाले. रक्तातलं कोलेस्टेरॉल सर्वांत जास्त हलतं ते सॅच्युरेटेड फॅटने, म्हणजे तूप-लोण्यात भरपूर असणाऱ्या संपृक्त चरबीने, ताटातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम त्या मानाने लहान, हे त्यांतून दिसलं. तसं गणिती सूत्रही 1965 मध्ये छापून आलं. असं असताना 1968 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संस्थेने सल्ला दिला : दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक. त्या काळी अमेरिकन माणसाच्या पोटात रोज साधारण याच्या दुप्पट कोलेस्टेरॉल जायचं. म्हणजे 299 ला सुरक्षित आणि 301 ला धोका, अशी कुठली रेषा प्रयोगात सापडलेली नव्हती. लोकांना पाळता येईल असा निम्मा, गोल आकडा होता तो. 1977च्या सरकारी आहार-उद्दिष्टांतही तोच आला आणि मग जवळपास चार दशकं हलला नाही. आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यांतही तो तसाच उतरला.

इथे शब्दाचा गुंता आहे, आणि माझ्या मते खरं नुकसान त्यानेच केलं. ताटातलं, रक्तातलं, धमनीच्या भिंतीत साचलेलं आणि पेशीच्या पटलातलं, म्हणजे तिच्या पातळ आवरणातलं, चारही ठिकाणी आपण ‘कोलेस्टेरॉल’च म्हणतो. रेणू एकच, पण या चार जागांचा हिशेब वेगवेगळा आहे. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ असं ठळक छापतात. वनस्पती तेलात ते कधी मोजण्याइतकं नव्हतंच. खोबरेल तेलातही नसतं, पण त्यात सॅच्युरेटेड फॅट 80 टक्क्यांहून अधिक, म्हणजे रक्तातला आकडा वाढवायला ते समर्थ आहे. उलट कोकण-गोव्याच्या ताटातली कोळंबी घ्या. तिच्यात कोलेस्टेरॉल भरपूर, सॅच्युरेटेड फॅट अगदी थोडं. जुन्या तक्त्याप्रमाणे कोळंबी वाईट आणि खोबरेल चांगलं. एका शब्दाने किती घरांत सोलकढी-भाताशेजारची कोळंबी बंद केली असेल.

ताट आणि रक्त यांच्यामध्ये काय घडतं, ते 1970च्या दशकात उलगडायला लागलं. टेक्सासमधल्या डॅलस इथे, आनुवंशिक दोषामुळे लहानपणीच कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेल्या मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून पाहिल्या गेल्या. निरोगी पेशी एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, आत ओढून घेण्यासाठी पृष्ठभागावर रिसेप्टर, म्हणजे ते कण पकडणारी प्रथिनं, ठेवते. आत पुरेसं जमलं की रिसेप्टर कमी करते आणि स्वतःचं उत्पादनही थांबवते. या मुलांच्या पेशींत रिसेप्टरच नव्हते किंवा बिघडलेले होते. या कामाला 1985 मध्ये नोबेल मिळालं. यकृतही असाच हिशेब ठेवतं : बाहेरून जास्त आलं तर बनवणं कमी, पित्तातून बाहेर टाकणं जास्त.

हे प्रत्यक्षात किती टोकाला जाऊ शकतं याचं एक उदाहरण 1991 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं. 88 वर्षांचे एक गृहस्थ कित्येक वर्षं रोज 25 उकडलेली अंडी खात होते आणि त्यांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे 150 ते 200 मिलिग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे सामान्यच होतं. तपासलं तेव्हा दिसलं की त्यांचं आतडं अन्नातल्या कोलेस्टेरॉलपैकी फक्त 18 टक्के शोषत होतं, इतरांचं साधारण निम्मं शोषतं. शिवाय शोषलेलं पित्ताम्लात बदलण्याचा त्यांच्या यकृताचा वेगही जास्त होता. हे सगळ्यांना जमत नाही. काहींचं आतडं जास्त शोषतं आणि त्यांचा आकडा अंड्याने खरोखर वाढतो. सरासरीत ही माणसं हरवतात.

आता पुन्हा 2015. समितीने आकडा काढला, पण जानेवारी 2016 मध्ये प्रत्यक्ष मार्गदर्शक तत्त्वं आली त्यांत ‘अन्नातलं कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी खा’ असंही लिहिलं होतं. म्हणजे मर्यादा गेली आणि ताकीद राहिली. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, आणि बातम्यांत मात्र पहिलीच. त्याच सुमारास एका डॉक्टर-संघटनेने अंडी उद्योगाच्या पैशाचा निर्णयावर प्रभाव पडल्याचा आरोप करत कोर्टात धाव घेतली. तो खटला फेटाळला गेला. आकडा काढणं मला बरोबरच वाटतं, त्याला आधार कधीच भक्कम नव्हता. पण का काढतोय हे साध्या शब्दांत न सांगणं ही मोठी चूक होती. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सहा पाहणी-गटांतल्या 29,615 लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा रोजच्या प्रत्येक जादा 300 मिलिग्रॅममागे हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सापेक्ष 17 टक्क्यांनी जास्त आढळला. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, अंड्यासोबत बेकनही, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांसही, खाल्लं जातं. तरीही ‘निर्दोष’ हा शब्द टिकला नाही.

या सगळ्या भांडणात हृदयाचा स्नायू, म्हणजे आकुंचन पावणारी पेशी, जवळपास विसरली गेली. शंभर वर्षं सगळे नळी तुंबण्याबद्दल बोलत होते. पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल हवंच असतं. पटलाचा घट्टपणा आणि त्यात बसलेल्या आयन-वाहिन्यांचं, म्हणजे कॅल्शियमसारखे विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचं, उघडणं-मिटणं त्यावर अवलंबून असतं, आणि कॅल्शियम आत येण्याची वेळ चुकली की ठोका बिघडतो. पेशी ते स्वतःही बनवते. म्हणून प्रश्न असा की रक्तात ते फार वाढलं तर धमनी न तुंबताही ठोक्याचं यंत्र बिघडतं का?

1986 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं होतं की हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटं चारदा तोडून जोडला, तर नंतरच्या 40 मिनिटांच्या अडथळ्यात मरणारा स्नायू एक चतुर्थांशावर येतो. हृदय जणू आधी सराव करून घेतं. 1990च्या दशकात हंगेरीतल्या सेगेड शहरात कोलेस्टेरॉल मिसळलेला आहार दिलेल्या उंदरांच्या हृदयात सरावातून मिळणारं हे संरक्षण नाहीसं झाल्याचं आढळलं. त्यामागे नायट्रिक ऑक्साइडचा, म्हणजे शरीर स्वतः बनवत असलेल्या आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूचा, तुटवडा दिसला. 2003 मध्ये रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांवरच्या अभ्यासात हृदयपेशीतला कॅल्शियमचा प्रवाह वाढलेला आणि ठोका जीवघेणा विस्कटण्याची शक्यता बळावलेली दिसली. 

हे निष्कर्ष गंभीर आहेत. मात्र सेगेडच्या उंदरांना जो खुराक दिला त्यात वजनाच्या 2 टक्के कोलेस्टेरॉल होतं. माणसाने दिवसभरात अर्धा किलो कोरडं अन्न खाल्लं असं धरलं, तर त्या हिशेबाने 10 ग्रॅम, म्हणजे पन्नासहून जास्त अंडी होतात. रोज 25 अंडी खाणाऱ्या त्या आजोबांच्या पोटातही याच्या निम्म्याहून कमीच जात होतं.