सर्व्हरवरील आयपी पत्त्यांच्या यादीची पार्श्वभूमी

वेब होस्टिंगच्या प्रशासकीय पॅनलमध्ये सर्व्हरवरील सर्व आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखणारे क्रमांक, दाखवणारे एक पान असते. प्रत्येक ओळीत पत्ता, त्याचा नेटमास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा), तो कोणत्या इंटरफेसवर, म्हणजे नेटवर्क जोडणीवर आहे, मुख्य आहे का, एखाद्या खात्याला स्वतंत्रपणे दिलेला आहे का, वापरात आहे का आणि काढून टाकता येईल का, अशी माहिती असते. सीपॅनल या होस्टिंग सॉफ्टवेअरच्या डब्ल्यूएचएम या प्रशासकीय भागात हीच माहिती ‘लिस्टआयपीज’ या एपीआय फंक्शनने (प्रोग्रामने थेट माहिती मागण्याच्या सोयीने) प्रोग्रामलाही मिळते. अंधेरीतील होस्टिंग कार्यालयांत किंवा ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत काम करणाऱ्यांना हे पान सवयीचे आहे; परंतु त्यातील रकाने कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. ते गरजेप्रमाणे एकामागून एक जमत गेले आणि प्रत्येक रकान्यामागची गरज ठाऊक असल्याखेरीज ही यादी नीट वाचता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही ४) मानक सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ३२ बिटांच्या त्या रचनेत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि त्या वेळी एका यंत्राला एक पत्ता हे गणित पुरेसे वाटत होते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीत आलेली ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा मुळात इंटरफेसला पत्ता देण्यासाठी होती. दिलेला पत्ता दाखवणे हे तिचे दुय्यम काम. एकच पत्ता असलेल्या यंत्रावर वेगळ्या यादीची गरजच नव्हती.

ती गरज वेबमुळे निर्माण झाली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा प्रचलित असलेल्या एचटीटीपी १.० या वेबपाने मागवण्याच्या नियमावलीत ब्राउझर सर्व्हरकडे केवळ पानाचा मार्ग मागत असे. कोणत्या डोमेनचे पान हवे आहे हे सांगण्याची सक्ती नव्हती. परिणामी एका यंत्रावर ५० संकेतस्थळे ठेवायची असतील, तर त्या यंत्राला ५० पत्ते द्यावे लागत. लिनक्सवर एकाच नेटवर्क कार्डाला ‘एथ० कोलन ०’, ‘एथ० कोलन १’ अशी उपनावे देऊन हे साधले जाई.

खरी अडचण याच ठिकाणी सुरू झाली. आज्ञा देऊन चढवलेले पत्ते यंत्र पुन्हा सुरू केले की नाहीसे होत, म्हणून ते एखाद्या फाइलमध्ये नोंदवून दर वेळी नव्याने चढवावे लागत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या सीपॅनलने ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘आयपीज’ नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये अतिरिक्त पत्ते ठेवण्याची पद्धत स्वीकारली. तेव्हापासून पत्त्यांची नोंद दोन ठिकाणी राहू लागली: एक कर्नेलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात), प्रत्यक्ष चालू असलेली, दुसरी फाइलमध्ये, चालू असायला हवी अशी. पत्ता फाइलमध्ये आहे पण इंटरफेसवर नाही, म्हणजे त्यावरील संकेतस्थळ बंद; पत्ता इंटरफेसवर आहे पण फाइलमध्ये नाही, म्हणजे ते पुढच्या रीबूटला बंद पडणार. या दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून दाखवणे हेच यादीचे मूळ काम आहे आणि ‘सक्रिय’ हा रकाना त्यासाठीच आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण पानावरचा हा सर्वांत मोलाचा रकाना.

जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चे मानक आले आणि डोमेनचे नाव सांगणारे ‘होस्ट’ शीर्ष बंधनकारक झाले. काही ब्राउझर ते आधीपासूनच पाठवत होते. आता शेकडो संकेतस्थळे एकाच पत्त्यावर राहू शकत होती, आणि त्यातून शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरायचा) व डेडिकेटेड (एकाच खात्याचा) पत्ता हा भेद उभा राहिला. सुरक्षित जोडणीसाठी मात्र स्वतंत्र पत्ता आणखी बरीच वर्षे लागत राहिला, कारण संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र सादर करण्याची वेळ ‘होस्ट’ शीर्ष पोहोचण्याच्या आधी येते. त्यावरचा उपाय असलेला, जोडणी सुरू होतानाच डोमेनचे नाव सांगणारा एसएनआय हा विस्तार २००३ मध्ये मानकात आला. परंतु विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्स्प्लोररला तो कळत नव्हता आणि एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ पर्यंत चालू होता. कार्यालयांतील संगणकांवर एक्सपी सर्रास असताना ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला डेडिकेटेड आयपी घेण्याचा सल्ला दिला जाई, तो रास्तच होता.

दरम्यान पत्तेच संपत आले. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि १५ एप्रिलला आशिया-प्रशांत क्षेत्राची नोंदणी संस्था एपनिक आपल्या अखेरच्या, म्हणजे १०३ ने सुरू होणाऱ्या गटावर आली. त्यातून एका सदस्याला जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळत. भारतात निक्सी या इंटरनेट एक्स्चेंज चालवणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत ‘आयआरआयएनएन’ ही नोंदणी व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली, तीही या टंचाईतच. यादीला आता हिशेबाच्या वहीचे स्वरूप आले: कोणता पत्ता मोकळा, कोणता वापरात, कोणता राखीव. सीपॅनलमध्ये पत्ता राखून ठेवताना कारण लिहिण्याची सोय आहे आणि ती जागा रिकामी सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘वापरात’ हा रकाना फक्त त्याच सर्व्हरवरील खात्यांपुरता बोलतो. एखाद्या बँकेच्या किंवा पेमेंट गेटवेच्या फायरवॉलमध्ये तो पत्ता परवानगीच्या यादीत घातलेला असेल, तर पॅनलला त्याची काहीच कल्पना नसते.

लिनक्सच्या साधनांतील बदलानेही गोंधळ वाढवला. नव्या ‘आयपी’ आज्ञेने उपनावाशिवाय जोडलेले दुय्यम पत्ते जुन्या ‘इफकॉन्फिग’ला दिसत नाहीत, त्यामुळे जुन्या सवयीने तपासणाऱ्याला यादी अपुरी मिळते.

त्यानंतर आले क्लाउड. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला. तिथल्या सर्व्हरला स्वतःचा खाजगी पत्ताच ठाऊक असतो. जगाला दिसणारा पत्ता बाहेरच्या नेटवर्कमध्ये त्याच्याशी जोडलेला असतो. म्हणून यादीला ‘सार्वजनिक आयपी’ हा आणखी एक रकाना लागला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही ४ पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर आकारते, तेव्हा निष्कारण धरून ठेवलेला पत्ता थेट बिलात दिसतो.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत, आयपीव्ही ६ मध्ये मात्र यादीची कल्पनाच बदलते. १२८ बिटांच्या त्या रचनेत एका सर्व्हरला सहज मिळणाऱ्या ६४ बिटांच्या एका पट्ट्यात संपूर्ण आयपीव्ही ४ च्या कितीतरी पट पत्ते असतात. ते ओळीने मांडण्यात अर्थ नाही. त्यामुळे डब्ल्यूएचएममध्ये त्यांच्यासाठी पत्त्यांऐवजी पट्ट्यांची व्यवस्था स्वतंत्र पानावर ठेवलेली आहे.