बडग्या (नागपूर)

बडग्या म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीसोबत, म्हणजे बाईच्या पुतळ्यासोबत, निघणारा पुरुषाचा पुतळा. वर्षभर ज्याने डोकं खाल्लं त्याला बांबू, तणस, कागद आणि जुन्या कपड्यात उभं करायचं, गळ्यात पाटी घालायची, शहरभर नाचवायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं, एवढा साधा हिशोब आहे. आता डोकं कोण खातं याला काही लिमिट नाही, म्हणून महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, दहशतवाद, पेट्रोल, रस्त्यातले खड्डे आणि तुंबलेली गटारं हे सगळे एकाच लायनीत, एकाच मापाचे, एकामागे एक चालतात आणि आंतरराष्ट्रीय प्रश्नाला गटारापेक्षा जास्त मान मिळत नाही.

श्रावण अमावस्येला मोठा पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तान्ह्या पोळ्यात लहान पोट्टे लाकडी बैल ओढत घरोघरी जाऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, आणि ही पद्धत दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. मारबत त्याच दिवशी. म्हणजे सकाळी सरकारला शिव्या आणि संध्याकाळी बैलाला ओवाळणी, एकाच दिवसात दोन्ही उरकतं.

मारबत बाईच्या रूपात असते, बडग्या बाप्याच्या. मुख्य मारबती दोन, काळी आणि पिवळी. काळी १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, असं धरतात. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची, तिला लोक देवीच मानतात, बाया लेकरांना तिच्या पायावर घालतात, नवस बोलतात. काळीच्या वाट्याला मात्र शिव्या. कोणी तिला कृष्णाने मारलेली पूतना म्हणतं आणि कोणी इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई म्हणतं. आता गंमत पहा, बाकाबाई वारली १८५८ मध्ये आणि काळी निघाली १८८१ पासून, म्हणजे जिच्या निषेधाचा पुतळा ती जाऊन वीसेक वर्षं झाली होती, पण नागपूरकराचा राग शिळा होत नाही, भाऊ. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तेव्हा तिथे इतकी गर्दी असते की तुमची चप्पल पुढे जाते आणि तुम्ही मागे राहता.

ओरडायचं ठरलेलं आहे. इडा, पीडा, रोगराई, खांसी, खोकला, ढेकूण, मच्छर "घेऊन जा गे मारबत!" ही जुनी यादी, आणि तिच्या शेपटाला दरवर्षी नवीन माल जोडतात. बडग्याच्या पाट्यांची भाषा अर्धी मराठी, अर्धी नागपुरी हिंदी, आणि यमक जुळलं म्हणजे झालं, अर्थ मागून येतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफवरून आपले ट्रम्प तात्यासुद्धा बडग्या होऊन गेले. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस इतवारीच्या गल्लीत लटकलेल्या तारांखालून जाताना पोट्ट्यांनी "वाकव बे त्याले, वाकव!" म्हणणं, यापेक्षा मोठं परराष्ट्र धोरण काय असते?

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं, प्रश्न विचारले जातात, उत्तरं पटलावर ठेवली जातात, थंडीत हुरडा आणि तर्री पोहे होतात. बडग्याला पटल नाही. त्याला हातगाडी पुरते.

खरी मजा बनवण्यात आहे. आमच्या गल्लीत एका वर्षी खड्ड्याचा बडग्या करायचं ठरलं आणि पहिलं भांडण हेच झालं की खड्डा हा पोकळ असतो तर त्याचा पुतळा भरायचा कसा. शेवटी एकाने डोकं लावलं की माणूस बनवा, त्याच्या पोटाला टायरएवढं भोक ठेवा आणि खाली लिहा "मी रस्ता आहे". मग चंदा. चंद्यासाठी पोट्टे थेट त्याच नेत्याच्या घरी गेले ज्याच्या नावाने बोंब मारायची होती, आणि भाऊंनी चहा पाजला, पाचशे एक रुपये दिले, फक्त म्हणाले की बॅनरवर फोटो मोठा पाहिजे. म्हणून खड्डा पुढे चालला आणि त्याच्या डोक्यावर "सौजन्य" म्हणून भाऊ हात जोडून हसत होते, लोकांना वाटलं खड्डा त्यांनीच सप्रेम भेट दिला. तसं पाहिलं तर चूक काही नव्हती.

त्या बडग्याला घातलेली सफारीची पॅन्ट शेजारच्या काकांची होती, काकूंनी जुनी म्हणून काढून दिली होती, आणि काकांना ती गांधीबागेत गर्दीत ओळखू आली कारण मागच्या खिशाला त्यांनी स्वतः हिरव्या दोऱ्याने टाके मारले होते. काका दोन चौक मागे धावले. पोट्ट्यांना वाटलं काका पण संतापले खड्ड्यावर, त्यांनी त्यांना उचलून हातगाडीवरच चढवलं, आणि पब्लिकला कळेना यातला बडग्या कोणता.

मारबतीच्या दिवशीचं लॉजिक असंच चालतं. ट्रॅफिक जामचा बडग्या जाम लावतो. आवाजाच्या त्रासाविरुद्धचा बडग्या डीजेवर नाचत येतो, व्यसनमुक्तीच्या बडग्याला धरणाऱ्या चौघांच्या गालात खर्रा (सुपारी-तंबाखू) असतो आणि ते तोंड वर करून नारा देतात कारण खाली केलं तर सांडते. हे ढोंग आहे असं बाहेरचे लोक म्हणतात. मला नाही पटत. नाचणाऱ्याला चांगलं माहीत असतं की पाटीवरच्या अर्ध्या गोष्टी तो स्वतःच घरी करतो, म्हणून तर तो इतक्या जीव तोडून नाचतो. नेते पण नाराज होत नाहीत, उलट एखाद्या वर्षी आपला बडग्या नाही निघाला तर कार्यकर्त्याला विचारत असतील, काहून बे, आपलं काही चुकलं का?

बोलीत हे दोन्ही शब्द वर्षभर चालतात. नुसता उभा राहून पाहणारा तो बडग्या, केस विंचरले नाही की पोरगी मारबत.

२०२० मध्ये कोरोनामुळे मिरवणूक निघाली नाही, म्हणजे ज्या रोगासाठी तिची सगळ्यात जास्त गरज होती त्याच रोगाने तिला घरी बसवलं. आमच्या गल्लीतले एक आजोबा मात्र पहाटे, पोळ्याला दाराशी खोचलेली पळसाची फांदी घेऊन एकटेच नाक्यापर्यंत गेले, मास्कमधून "कोरोना घेऊन जा गे..." एवढं झालं आणि पोलिसांची गाडी वळली. आजोबा तरातरा परत आले, आतून कडी लावली, आणि खिडकीच्या फटीतून उरलेलं "मारबत!" ओरडले.