पार्श्वभूमी : दिव्यांगांची बाग, पण कुठल्या जमिनीवर?

गोव्यात ‘सामुदायिक बाग’ म्हटले की समोरचा आधी विचारतो, कोमुनिदादीची का? गोंधळ शब्दातच आहे. गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ कुटुंबांच्या सामाईक मालकीची जमीन पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद या गावसंस्थेची झाली. नावात समुदाय असला तरी हक्क गावकारांचा (त्या मूळ कुटुंबांच्या वंशजांचा) आणि भागधारकांचा. गोवामुक्तीच्या आठ महिने आधी, एप्रिल १९६१ मध्ये आलेली कोमुनिदादींची संहिता दुरुस्त्यांसह आजही चालते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गावात राहूनही जो गावकार वा भागधारक नाही, तो व्हीलचेअरवर असो की धडधाकट, या ‘समुदाया’त धरला जात नाही.

अपंगत्वाच्या कायद्यांनी हा पेच सोडवला नाही. १९९५च्या कायद्यात सवलतीच्या दराने जमीन देण्याची तरतूद होती, ती घर, व्यवसाय, विशेष शाळा, विशेष करमणूक केंद्र अशा कामांसाठी. शेतीचे नाव नव्हते. अपंग माणूस बागेत बसेल, पण बाग कसेल हे बहुधा कोणाच्या मनातच आले नसावे. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना शेतजमीन वाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण दिले. पण हे योजनांपुरते. कोमुनिदादीची जमीन म्हणजे सरकारी योजना नव्हे, त्यामुळे गोव्यात ही टक्केवारी कागदावर जितकी भरते तितकी शेतात भरत नाही.

सार्वजनिक उद्यानांचे वेगळे. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान आले आणि ‘सुगम्य’ हा शब्द रूढ झाला. (‘सुलभ’ अधिक सोपा होता, पण तो शौचालयांनी आधीच घेतला होता.) २०१६च्या कायद्याखालच्या २०१७च्या नियमांतली सुगम्यतेची मानके मात्र सक्तीची की नुसती शिफारस, हा वाद राहिला. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने संबंधित नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून किमान मानके सक्तीची करायला सांगितले. तरी रॅम्प फाटकापासून बाकापर्यंत नेतो, वाफ्यापर्यंत नाही.

आपले कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बागायत, तर उतारावर, पायऱ्या-पायऱ्यांचे, मध्ये पाट. व्हीलचेअरच्या रॅम्पला एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी लागते. तेवढ्यात माडांची एक ओळ जाते. उंच वाफे चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) बांधता येतात, चिरा इथे मुबलक. पण वाफा खालपर्यंत भरीव बांधला तर गुडघे आत जात नाहीत. मग खुर्ची आडवी लावून, कंबर पिळून खुरपायचे. आणि जूननंतर त्याच चिऱ्यावर शेवाळ चढते. वाट चिऱ्याची असेल तर कुबड्या घेऊन येणाऱ्याला पावसाळाभर, म्हणजे ऐन लावणीच्या दिवसांत, बाग बंदच.