सातबारा चालतो का? जुलमाची कादंबरी आणि पडझडीची कादंबरी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घडणारी कादंबरी घ्या. नायकाच्या सातबाऱ्यावरचं नाव रातोरात बदललंय आणि दाद मागायला गेलं तर त्यालाच आत टाकतात, तर ती डिस्टोपिया, म्हणजे जुलमाची कादंबरी. सातबारा पेटीत नीट आहे, पण तो मानणारा तलाठी, तहसील, कोर्ट काहीच उरलं नाही, तर ती पडझडीची कादंबरी. भूक आणि भीती दोन्हींत असते, म्हणून मलपृष्ठावर दोन्हींना सर्रास डिस्टोपिया लिहून मोकळे होतात. १९७२ चा दुष्काळ यातल्या कशातच बसत नाही. हाल झाले, पण सरकारकडून खडी फोडायचं काम मिळत होतं, मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) येत होती.

खरा फरक शोकात कळतो. जुलमाच्या कादंबरीत कुणासाठी रडायचं हे वरून ठरतं. पडझडीत रडायला जमणार कोण, हाच प्रश्न. खानदेशात माणूस गेलं की लोक दारावर येतात, गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला, भाऊबंद जमतात. पडझडीच्या कादंबरीत मात्र एसटी बंद, भुसावळला गाडी नाही, फोन मुके. बाई दिवस मोजते, अंगणात सतरंजी टाकते, संध्याकाळी तीच उचलते. तिचं सुतक फिटलं हे सांगणारं कुणी नाही, आणि पुढचं कथानक त्या सतरंजीपासून सुरू होतं. पडझडीच्या कादंबरीच्या मुळाशीही शोकच आहे: इंग्रज लेखिका मेरी शेलीचा नवरा १८२२ मध्ये बुडाला, आणि साथीत माणूसजात संपते ती तिची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी १८२६ ची.

हस्तलिखितं फसतात ती मात्र साध्या हिशेबात. चौथ्या वर्षी नायक फटफटीला किक मारतो. साठवलेलं पेट्रोल तर वर्षभरातच बिघडायला लागतं. वीज गेली की बोअरची मोटार बंद. मे महिन्यात केळीच्या एका झाडाला रोज वीसएक लिटर पाणी लागतं, त्यामुळे बाग आधी माना टाकते, मग घडाच्या वजनानं खोडं मोडतात. पण कंद जिवंत राहिले तर पावसावर पिलं फुटतात, पिलबाग उभी राहू शकते. कपाशीचं तसं नाही. बीटी संकरित आहे. घरची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, बोंडं घटतात. दादरचं, म्हणजे खानदेशातल्या रब्बी ज्वारीचं, कणीस मात्र राखेत घालून बियाण्याला ठेवता येतं, आणि काळ्या जमिनीतल्या ओलीवर ती बिनपाण्याची पिकते. म्हणून दुसऱ्या वर्षी नायिकेच्या ओटीत कपाशी नको, दादर हवी.