पाणी ऐंशीचं साठ झालं, वजन मात्र निम्मं

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावच्या बाजूला गेलात, तर शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं वाळताना दिसतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवल्यानं सालीवरचं मेण सैल होतं, आतलं पाणी भरभर निघून जातं आणि साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. तिथं उभं राहून हा प्रश्न जरूर सोडवावा: 100 किलो द्राक्षांत 80 टक्के पाणी आहे. वाळता वाळता ते 60 टक्क्यांवर आलं. आता माल किती किलो?

बहुतेक जण 80 म्हणतात. उत्तर आहे 50.

पटायला जड जातं, कारण आपण पाण्यामागं धावतो. पाणी तर क्षणोक्षणी बदलतंय. न बदलणारं काय? साखर, साल, गराचा घन भाग. तो 20 किलो होता आणि 20 किलोच राहणार. पाणी 60 टक्के झालं तेव्हा हेच 20 किलो मालाचे 40 टक्के झाले. ज्याचे 40 टक्के 20 होतात, ती संख्या 50. आधीचे 80 टक्के होते 100 किलोंचे. नंतरचे 60 टक्के आहेत उरलेल्या मालाचे, आणि तो किती हेच तर शोधायचंय.

तयार बेदाण्यात सुमारे 15 टक्के पाणी धरू. मग एक टन बेदाण्याला द्राक्षं किती लागतील? इथं मला भास्कराचार्यांचं इष्टकर्म फार आवडतं. 1150 च्या ‘लीलावती’त ते सांगतात: अज्ञाताच्या जागी सोयीची संख्या धरा, गणित करा, मग त्रैराशिकानं खरं उत्तर काढा. धरा 100 किलो बेदाणा. त्यात घन भाग 85 किलो. द्राक्षांत तो पाचवा हिस्सा, म्हणून द्राक्षं 425 किलो. टनाला दहापट, 4,250. ‘चार किलोला एक किलो’ हा ठोकताळा याच्याच जवळपासचा.

आता घन भाग 20 ऐवजी 22 टक्के झाला तर? दोनच टक्क्यांचा फरक वाटतो. पण 20 वर 2 म्हणजे दहावा हिस्सा, आणि बेदाणाही तेवढाच वाढतो: दहा टन द्राक्षांमागं सुमारे 235 किलो जास्त. आभाळ भरून आलं तरी द्राक्षांत साखर भरेपर्यंत काढणी थांबवणारा बागायतदार या 235 किलोंसाठी जीव मुठीत धरून बसलेला असतो.