'शॉटगन' ओरडून सीट पकडतात, पण काऊबॉय असं बोलत नव्हते

अमेरिकेत चार मित्र गाडीकडे निघाले की जो आधी "शॉटगन!" ओरडेल त्याला ड्रायव्हरशेजारची सीट. आणि याचा उगम म्हणून जे कायम फिरतं ते असं, की जुन्या स्टेजकोचच्या (प्रवासी घोडागाड्यांच्या) काळातले लोकच "रायडिंग शॉटगन", म्हणजे ड्रायव्हरशेजारी बंदूक घेऊन बसणं, असं म्हणायचे. हे अर्धंच खरं आहे.

बंदूकवाला माणूस खराच होता. पैसे आणि सोनं पोचवणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीच्या गाड्यांवर सोनं ठेवलेली हिरवी लाकडी पेटी ड्रायव्हरच्या सीटखाली असायची आणि ती राखायला एकजण शॉटगन घेऊन त्याच्या बाजूला बसायचा, पण त्याला म्हणायचे 'शॉटगन मेसेंजर'. "रायडिंग शॉटगन" हे शब्द छापील दिसतात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वेस्टर्न कथांमधून, म्हणजे स्टेजकोचचे दिवस सरत आल्यावर. मग 1939 च्या 'स्टेजकोच' सिनेमात मार्शल तेच बोलतो, पुढे वेस्टर्न सिनेमे आणि टीव्हीमुळे ते घराघरात गेलं आणि सीटवर हक्क सांगायची पद्धत तर त्याच्याही नंतरची. त्यामुळे याचं श्रेय काऊबॉयना नाही, त्यांच्यावर गोष्टी लिहिणाऱ्यांना द्यायला हवं, आणि मला तरी खरा इतिहास जास्त भारी वाटतो!