मालिका का लांबते : तेरा भागांपासून टीआरपीपर्यंत

नवी मालिका सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात प्रेक्षकांची मतं ठरून जातात. प्रोमोत दाखवलेला प्रसंग कधीच येऊन गेला, नायिका पुन्हा सोशिकच निघाली, आता हे किती ताणणार? यातली ताणण्याची तक्रार सगळ्यात रास्त आहे. ती समजून घ्यायची तर प्रेक्षकाचं मत वाहिनीपर्यंत कसं पोहोचत आलं, ते पाहावं लागतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ याच दशकात घराघरात पोहोचले. पुढे १९८४च्या जुलैत ‘हम लोग’ आली आणि प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला. तेव्हा मंजुरी सहसा तेरा भागांची मिळे. आठवड्याला एक भाग या हिशेबाने तेरा भाग म्हणजे बरोबर एक तिमाही. मालिका चालली तर मुदतवाढ मिळून ती सव्वीस किंवा बावन्न भागांवर जाई. शेवट कुठे होणार हे लेखकाला आधी ठाऊक असे, त्यामुळे चौथ्या भागात पेरलेलं बाराव्या भागात उगवायचं. आज ज्याला आपण सीझन म्हणतो, तो मराठी प्रेक्षकाने तेव्हाच पाहिलेला आहे. त्याची मतं मुख्यतः पत्रांतून येत. ‘हम लोग’मध्ये तर भागाच्या शेवटी अशोक कुमार स्वतः समोर येऊन प्रेक्षकांशी बोलत आणि त्या मालिकेला पत्रांचे ढीग येत. पत्रात एक गोष्ट असे जी आजच्या कुठल्याच आकड्यात नाही : काय आवडलं, काय खटकलं आणि का.

गणित फिरलं ते खासगी वाहिन्या आल्यावर. अल्फा टीव्ही मराठी (आजची झी मराठी) १५ ऑगस्ट १९९९ रोजी आणि ईटीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) जुलै २००० मध्ये सुरू झाली. रोज ठरावीक वेळी प्रेक्षक हवा, म्हणून रोजची मालिका हवी. ईटीव्हीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तीन हजारांवर भाग झाले. तेरा भागांच्या बेतात बसवले तर हे दोनशे तीसहून जास्त सीझन होतात!

लांबण्यामागे हिशेब आहे. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन बेडरूम आणि देवघर असा सेट एकदाच उभा राहतो. प्रोमो आणि होर्डिंगचा खर्चही सुरुवातीलाच होतो. भाग वाढतील तसा तो खर्च प्रत्येक भागावर कमी पडत जातो. उलट मालिका बंद करून त्याच स्लॉटला नवी आणली, तर रोज त्या वेळी वाहिनी लावणारा प्रेक्षक टिकेलच असं नाही. म्हणून बरी चाललेली मालिका सहसा कोणी थांबवत नाही.

त्यात चित्रीकरणाचा रेटा. नियमानुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती आणि वाहिनीचे प्रोमो चालतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात साधारण चोवीस मिनिटं मजकूर लागतो आणि आठवड्यात असे सहा भाग. सेटवर रोज जवळपास एक भाग पुरा व्हावा लागतो. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांना ‘बँक’ म्हणतात. ती आटली की लेखकाची पानं ऐन वेळी येतात आणि कमी येतात. मग पूजेचं ताट हातातून पडतं, सासूचा चेहरा, नणंदेचा चेहरा, पुन्हा सासूचा, मागे तबल्याचा ठोका, आणि दीड मिनिट भरतं. कलाकाराच्या तारखा जुळल्या नाहीत की ‘ट्रॅक’, म्हणजे कथेचा चालू धागा, वळवावा लागतो. नायक अचानक परगावी जातो, तो बहुतेक वेळा यामुळेच. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण बंद झालं तेव्हा मराठी मालिकांची युनिट गोव्यासारख्या ठिकाणी गेली, मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. बँक किती पातळ असते, ते त्या आठवड्यांत सगळ्यांना दिसलं.

आता मोजमाप. १९९८ पासून टॅम या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेची आकडेवारी होती, पण तिच्यात ग्रामीण घरं नव्हती. हेच काम करणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे एप्रिल २०१५ पासून येऊ लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामीण भागही धरला गेला. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारा संकेत मिसळलेला असतो. निवडक घरांतला मीटर तो ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपलं बटण असतं आणि टीव्हीसमोर बसताना-उठताना ते दाबायचं असतं. चूक इथेच होते. आजी जेवायला उठल्या आणि बटण तसंच राहिलं, तर मालिका त्यांच्या नावावर चालू राहते.

रेटिंगमध्ये, म्हणजेच टीआरपीत, माणसं आणि मिनिटं दोन्ही येतात. समजा पाहणीत हजार जण आहेत. पन्नास जणांनी अर्ध्या तासाचा भाग पूर्ण पाहिला, ती १,५०० मिनिटं. चाळीस जणांनी पंधरा मिनिटं पाहिला, ती ६००. एकूण २,१०० भागिले ३०,००० म्हणजे सात टक्के, रेटिंग ७. यात आवडीने पाहणारा आणि चिडून, नावं ठेवत पाहणारा यांचं वजन सारखंच. मुख्य दोष मला इथे वाटतो. नकोसा झालेला ट्रॅकही लोक ‘आता तरी हिला कळेल का’ म्हणून पाहतात आणि आकडा त्याला पसंती मानतो.

शिवाय आकडा उशिरा येतो. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार आणि आकडे पुढच्या गुरुवारी. सोमवारच्या भागाचा निकाल दहा दिवसांनी हाती येतो, तोवर आठवडाभराची बँक तयार असते. प्रेक्षकाला खटकलेली गोष्ट पडद्यावर बदललेली दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, तेही बदलायचं ठरलं तर.

मर्यादित मालिकेचे प्रयत्न मराठीत झाले आहेत. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. गोष्ट पुरी झाली आणि मालिकाही. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली. तिची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होती, म्हणून २०१९ चं दुसरं पर्व काळात मागे गेलं आणि अण्णा-शेवंता उभे राहिले. माझ्या मते मराठीत सीझन या कल्पनेचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला आहे, कारण नव्या पर्वाला स्वतःची गोष्ट होती. २०२१ च्या तिसऱ्या पर्वाला मात्र मागच्या दोन्हींची सावली पुरून उरली.

‘बिग बॉस मराठी’ २०१८ पासून पर्वांतच चालतं आणि तिथे प्रेक्षक थेट मत देतो. तरी पर्व किती दिवसांचं, हे त्याच्या हातात नसतं. २०२४ चं पाचवं पर्व सत्तर दिवसांतच संपवलं गेलं.

आता बरेच जण भाग अ‍ॅपवर पाहतात, काही वेळा टीव्हीच्या आधी. ते पाहणं टीव्हीच्या टीआरपीत धरलं जात नाही. त्यामुळे तरुण प्रेक्षकाचं मत गुरुवारच्या आकड्यात उमटतं ते फार थोडं, आणि रात्री आठची मालिका कोणासाठी लिहायची हे अजूनही मीटर असलेल्या घरातला टीव्हीच ठरवतो.